भोर-वेल्हे परिसरातील शिशूंचे गृहगत हस्तकाम : साधने, शिक्षिका आणि स्थित्यंतर

१. विषयाची व्याप्ती

महाराष्ट्रातील बालशिक्षणाचा इतिहास बहुधा संस्थांचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. संस्थांची स्थापना, त्यांचे चालक, त्यांची नियतकालिके आणि त्यांना मिळालेली मान्यता यांच्या आधारे तो रचला जातो. हे स्वाभाविकही आहे; कारण लेखी साधने संस्था मागे ठेवतात, घरे ठेवीत नाहीत. परंतु तीन वर्षांखालील मूल संस्थेच्या उंबरठ्यापर्यंत क्वचितच पोचते. दीड ते तीन वर्षे या वयात मुलाचा हात प्रथम माती, पीठ, पाणी आणि रंग यांवर चालू लागतो, आणि ते सारे घरात, अंगणात अथवा शेताच्या बांधावर घडते. या वयाच्या मुलास प्रस्तुत निबंधात ‘शिशू’ म्हटले असून, त्याच्या घरातील हस्तकामाचा विचार पुणे जिल्ह्याच्या नैर्ऋत्य भागातील भोर व वेल्हे या दोन तालुक्यांच्या संदर्भात केला आहे.

हा प्रदेश जुन्या मावळांचा होय. हिरडस मावळ, रोहिडखोरे, वेळवंडखोरे, गुंजण मावळ आणि कानदखोरे ही नावे शिवकालीन कागदपत्रांच्या अभ्यासकांस परिचित आहेत. भोर हे पंतसचिवांच्या संस्थानाचे राजधानीचे गाव होते. ते संस्थान ८ मार्च १९४८ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले. वेल्हे तालुक्याचे नाव राजगड करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये घेतला. येथे मात्र ऐतिहासिक विवेचनाच्या सोयीसाठी जुनेच नाव वापरले आहे. भाताची खाचरे, वरच्या उतारावरील नाचणी-वरी, चार महिन्यांचा मुसळधार पाऊस आणि गोठा पोटात घेऊन उभे असलेले घर ही येथील पारंपरिक जीवनाची चौकट होती. शिशूच्या हस्तकामाची साधने याच चौकटीने पुरविली.

२. पुराव्याचे स्वरूप

या विषयाची पहिली अडचण साधनांच्या नाशवंतपणाची आहे. पितळेची भातुकली टिकते, लाकडाची ठकी टिकते. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जुन्या घरगुती वस्तूंबरोबर खेळणीही पाहावयास मिळतात. परंतु दोन वर्षांच्या मुलाने चिखलाचा थापलेला गोळा संध्याकाळपर्यंतही टिकत नाही. न भाजलेल्या मातीची वस्तू शिल्लक राहणे हा अपवाद होय. याच जिल्ह्यातील इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात केलेल्या उत्खननात, घराच्या जमिनीखाली पुरलेली, न भाजलेल्या मातीची स्त्रीमूर्ती आणि तिच्यासोबतचा बैल सापडला, तो तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचा आहे. ती वस्तू श्रद्धेने जपून पुरलेली होती म्हणूनच उरली. मुलांच्या हातच्या मातीला असे भाग्य लाभत नाही.

म्हणून येथे तीन प्रकारच्या पुराव्यांवर भिस्त ठेवावी लागते. पहिला पुरावा घरबांधणीचा व शेतीकामाचा. कारण घर कोणत्या द्रव्यांनी सारवले व रंगविले जाई हे कळले म्हणजे शिशूच्या हाती काय येत असे हेही कळते. दुसरा पुरावा सणांच्या विधींचा. त्यांतील काही आकृती इतक्या सोप्या आहेत की लहान मुलाच्या मुठीलाही त्या साधतात. तिसरा पुरावा जात्यावरच्या ओव्यांचा. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गेल्या शतकाच्या उत्तरार्धात पुणे जिल्ह्याच्या मावळपट्ट्यातून व अन्यत्र लाखभर ओव्या संकलित केल्या. त्यांत जात्याशी बसलेली आई आणि तिच्या मांडीशी असलेले मूल हे चित्र पुनःपुन्हा येते. या ओव्या शिक्षणपद्धतीची नोंद म्हणून रचलेल्या नाहीत. तथापि काम करणारी बाई आणि तिच्या कामात लुडबुड करणारे मूल एकाच जागी होते, ही गोष्ट त्या निःसंशय सांगतात.

३. घरकामाच्या कडेने

शिशूच्या हस्तकामासाठी स्वतंत्र वेळ काढण्याची कल्पना या घरांत नव्हती. मोठ्या माणसाचे काम चालू असे आणि त्या कामाच्या कडेने मुलाचे काम चाले. भाकरी थापताना आई पिठाचा एक लहान गोळा मुलाच्या हाती देई. येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. भाताच्या मुलखात भाकरी तांदळाची. तांदळाच्या पिठास चिकटपणा यावा म्हणून ते गरम पाण्यात उकड काढून मळावे लागते. अशी उकड निवली की मऊ, न चिकटणारी आणि दाबला तो आकार धरणारी होते. नाचणीचे पीठ नुसते भिजविले तर भेगाळते. कोणते पीठ हातात आकार धरते आणि कोणते मोडते याचा पहिला पाठ मुलाला चुलीपुढेच मिळे, आणि तोंडात घातला तरी अपाय नाही असे ते द्रव्य असे.

दुसरे काम सारवणाचे. मातीची जमीन चोपून घट्ट करावी, तीवर शेणाचा काला फिरवावा आणि तो पुसट होण्याआधी हाताच्या अर्धवर्तुळाकार फटकाऱ्यांनी सारखा करावा, अशी ही रीत. सारवणाऱ्या बाईच्या मागे बसून मूलही ओल्या जमिनीवर पंजा फिरवी. त्याच्या रेघा मागाहून पुसल्या जात. पण खांद्यापासून हात फिरविण्याची ती हालचाल चित्रकलेच्या दृष्टीने निरर्थक नव्हती. अमेरिकेतील संशोधिका ऱ्होडा केलॉग यांनी मुलांच्या चित्रांवरील आपल्या १९६९ सालच्या ग्रंथात लहान मुलांच्या रेघोट्यांचे वीस मूलभूत प्रकार सांगितले. या रेघोट्या म्हणजे पुढील सर्व चित्रणाचा पाया, असे त्यांचे प्रतिपादन आहे. कागदाचा तुकडाही दुर्मीळ असलेल्या घरात या पायाचे काम ओल्या भुईने, चुलीतील राखेने आणि निवडण्यासाठी सुपात पसरलेल्या तांदळाने केले.

भिंतीला पांढरी माती आणि खालच्या पट्ट्याला गेरू किंवा काव लावण्याची चाल होती. गेरूच्या भांड्यात बोट बुडविण्यास मुलाला फारशी आडकाठी नसे. चुन्याचे भांडे मात्र त्याच्यापासून दूर ठेवले जाई, कारण चुना त्वचेला व डोळ्यांना इजा करतो. कोणते द्रव्य मुलाच्या हाती द्यावे व कोणते देऊ नये याचा विवेक अशा रीतीने कामातच सामावलेला होता. याशिवाय चिंध्यांची बाहुली, आंब्याच्या पानाची पिपाणी, पानाचे भिरभिरे, गोधडीच्या उरलेल्या तुकड्यांची गाठोडी या वस्तू मोठ्यांनी करावयाच्या आणि शिशूने त्या उसकटावयाच्या, असा क्रम असे. उसकटणे हेही या वयात हाताचेच शिक्षण होय.

४. वर्षचक्राची शिस्त

घरकामाने रोजचा सराव दिला. सणांनी त्याला क्रम आणि प्रयोजन दिले. ज्येष्ठ-आषाढात भाताच्या आवणीची घाई असे. तेव्हा तान्हे मूल झोळीत आणि चालते मूल बांधावर असे. चिखल पुष्कळ, देखरेख थोडी, असा हा काळ. त्यानंतर श्रावणात नागपंचमी येई. त्या दिवशी जमीन खणू नये, नांगरू नये असा संकेत असल्याने नागासाठी लागणारी माती आधीच आणून ठेवावी लागे. मातीची वळी करणे हे मुलाच्या हाताला जमणारे पहिले घडीव काम. तळहातांमध्ये माती धरून पुढेमागे चोळली की वळी तयार होते, आणि वळी म्हणजेच नाग. येथे मुलाची कृती आणि पूजेची वस्तू यांत अंतर फारच थोडे राहते.

बैलांचा सण बेंदूर म्हणून वा पोळा म्हणून ज्या गावी ज्या दिवशी येई, त्या दिवशी मातीचे बैल पूजिले जात. बैल घडविणे शिशूच्या शक्तीबाहेरचे. त्याचे काम शिंगांना गेरूचे बोट लावण्याचे. भाद्रपदात गौरी येत. गौरीची पावले उमटविण्याची रीत विशेष उद्बोधक आहे. मूठ वळून तिची करंगळीकडील बाजू कालविलेल्या तांदळाच्या पिठात बुडवावी आणि जमिनीवर टेकवावी, म्हणजे तळव्याचा आकार उठतो. त्याच्या टोकाशी बोटाने पाच ठिपके दिले की पाऊल पुरे होते. यासाठी लेखणी धरता येण्याची आवश्यकता नाही. दोन वर्षांच्या मुलाची पकड मुठीचीच असते, आणि ही आकृती मुठीचीच आहे. मोठ्या बाईच्या मुठीने गौरीचे पाऊल उमटते, लहान मुलाच्या मुठीने तेच पाऊल लहान होऊन उमटते. चुकले असे कोणी म्हणत नाही.

आश्विनात हादग्याचा हत्ती पाटावर काढला जाई आणि त्याच्या पाठोपाठ दिवाळीचा किल्ला येई. महाराष्ट्रात अंगणातला मातीचा किल्ला सर्वत्र परिचित आहे. परंतु भोर-वेल्ह्यात त्याला एक निराळे परिमाण प्राप्त होते. येथील मुलाच्या डोळ्यांसमोर खरे गड उभे असतात. वेल्ह्याच्या माथ्यावर तोरणा, गुंजवणीच्या खोऱ्यावर राजगड, भोरच्या दक्षिणेस रोहिडा ऊर्फ विचित्रगड, आणि पश्चिमेस शपथेच्या परंपरेने प्रसिद्ध असलेले रायरेश्वराचे पठार. बालेकिल्ला आणि माची हे शब्द अन्यत्र पुस्तकातून येतात, येथे ते अंगणातून मान वर करून पाहता येतात. किल्ल्याची रचना मोठी मुले करतात. दगड-विटा रचून, त्यांवर गोणपाट टाकून, चिखलाचा थर देण्याची ती पद्धत आहे. या कामात शिशूच्या वाट्याला तीन गोष्टी येतात. चिखल फेकून थापणे, पाणी ओतणे, आणि माचीवर अळीव किंवा मोहरी पेरणे. तिसरे काम सर्वांत मोलाचे. कारण काही दिवसांत ते उगवते आणि आपल्या हाताने काही घडले याची प्रचीती मुलाला येते. याच दिवसांत पश्चिम महाराष्ट्राच्या गावांत शेणाच्या गवळणी मांडण्याची चाल आहे. शेणाचे मुटके आणि त्यांवर खोचलेली फुले एवढ्यावर ती भागते, आणि हेही मुठीचेच काम आहे.

या सर्व उदाहरणांवरून एक निष्कर्ष निघतो. गृहगत हस्तकामास तीन गोष्टींचा आधार होता : हाताशी असलेले द्रव्य, त्याच द्रव्यावर काम करीत असलेले मोठे माणूस, आणि त्या कामाला दिवस नेमून देणारे पंचांग. यांपैकी द्रव्य तेवढे उचलून अन्यत्र नेता येते. उरलेल्या दोन गोष्टी घराशी बांधलेल्या असतात.

५. शिक्षिका कोण?

वरील वर्णनावरून जुन्या घराचे एक मनोहर चित्र उभे राहण्याचा संभव आहे. त्या चित्रात भर घालणे हे इतिहासाचे काम नव्हे. आवणीच्या दिवसांत आई पहाटेपासून खाचरात वाकलेली असे. आजी असली तर ती, नसली तर घरातील मोठी मुलगी शिशूला सांभाळी. मोठी म्हणजे सात-आठ वर्षांची. चिखलाचा गोळा हाती देणारी, मूठ पिठात बुडवून देणारी, तोंडातली माती काढणारी प्रत्यक्ष शिक्षिका पुष्कळदा हीच होती. तिच्या या अध्यापनाची किंमत तिने स्वतःच्या शाळेने चुकविली. कडेवर भावंड असलेली मुलगी शाळेत जात नाही, आणि गेलीच तर टिकत नाही, हा ग्रामीण महाराष्ट्राचा सर्वसाधारण अनुभव आहे. मावळचा डोंगराळ मुलूख त्यास अपवाद नव्हता.

येथे पुरुषप्रधान घराची व्यवस्थाही दृष्टीआड करता येत नाही. या भागातील पुरुष रोजगारासाठी मुंबई-पुण्याकडे जात. शेत, गुरे आणि मुले बायकांवर पडत. म्हणजे शिशूच्या हस्तकामाची समृद्ध परंपरा आणि त्याच्या बहिणीची निरक्षरता या दोन्ही गोष्टी एकाच व्यवस्थेतून उद्भवल्या. एकीचे गुणगान करताना दुसरीविषयी मौन बाळगणे हे अभ्यासाच्या सचोटीस धरून होणार नाही.

६. बालशिक्षणाची चळवळ आणि अंगण

या प्रश्नास सैद्धांतिक व संस्थात्मक उत्तर देण्याचा प्रयत्न विसाव्या शतकातील बालशिक्षणाच्या चळवळीने केला. युरोपात फ्रबेलने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बालोद्यानाची कल्पना मांडून हस्तकामास शिक्षणात स्थान दिले होते. मारिया माँटेसरी यांनी १९०७ मध्ये रोमच्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत पहिले बालगृह उघडले आणि इंद्रियशिक्षणाची शास्त्रशुद्ध साधने तयार केली. भारतात गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगर येथे बालमंदिर सुरू केले. १९२३ मध्ये ताराबाई मोडक त्यांना येऊन मिळाल्या. आणि १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. १९३६ मध्ये ताराबाईंनी मुंबईत दादर येथे शिशुविहार काढला.

येथपर्यंत ही चळवळ मुख्यतः नागर होती, आणि तिची साधने खर्चिक होती. तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे १९४५ मध्ये ग्राम बालशिक्षा केंद्र निघाले, तेव्हा मोठे वळण आले. अनुताई वाघ याच वेळी ताराबाईंच्या कार्यात सहभागी झाल्या. आयात पद्धतीच्या साधनांची जागा शंख-शिंपले, बिया, गोटे, पाने आणि माती यांनी घेतली. पुढे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. मुले बालवाडीत येत नाहीत, तर बालवाडीने त्यांच्या अंगणात जावे, या विचारातून अंगणवाडी जन्मास आली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. आणि मोठ्या बहिणीचा प्रश्न ओळखून पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच आवारात आणणारी विकासवाडी उभी राहिली. भावंडाला घेऊन मुलगी शाळेत यावी, भावंड पाळणाघरात व ती वर्गात बसावी, ही तीमागील दृष्टी होती. भोर-वेल्ह्याच्या संदर्भात कोसबाडचे महत्त्व याच ठिकाणी आहे. दोन्ही प्रदेश सह्याद्रीच्या दोन बाजूंना आहेत, समाजही भिन्न आहेत. परंतु कडेवरच्या भावंडाचा प्रश्न एकच आहे, आणि तो सोडविल्यावाचून शिशूच्या शिक्षणाचा विचार पुरा होत नाही, हे कोसबाडने प्रथम ओळखले.

७. १९७५ नंतरचे स्थित्यंतर

२ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात ३३ प्रकल्पांनिशी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द शासकीय झाला. यथावकाश ती गावोगाव पोचली. परंतु एक भेद लक्षात ठेवावयास हवा. या योजनेत अनौपचारिक पूर्वप्राथमिक शिक्षण तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी होते. तीन वर्षांखालील मुलांच्या वाट्यास पोषण, लसीकरण व आरोग्यतपासणी या सेवा आल्या. शिशूच्या हाताचे शिक्षण पूर्ववत घरावरच राहिले.

दरम्यान घर बदलत होते. सारवलेल्या भुईच्या जागी कोबा व फरशी आली, चुलीच्या जागी गॅस आला, जात्याचे काम गिरणीकडे गेले, गोठा रिता झाला. भाटघर, पानशेत, वरसगाव, नीरा-देवघर आणि गुंजवणी या धरणांनी खोऱ्यांच्या तळची जमीन पाण्याखाली नेली, आणि अनेक कुटुंबे परक्या मातीत जाऊन वसली. या बदलांनी बायकांचे कष्ट पुष्कळ अंशी हलके केले, आणि धरणांच्या विस्थापनाचा अपवाद सोडता त्यांविषयी खेद करण्याचे कारण नाही. मुली शाळेत जाऊ लागल्या, हा तर निर्भेळ लाभ होय. मात्र त्याच वेळी मुलाच्या हाताजवळ चालणारे काम घरातून नाहीसे झाले. द्रव्य बाजारात रंगीत मातीच्या डबीतून विकत मिळू लागले. पण त्या द्रव्यावर काम करणारे मोठे माणूस मुलाच्या शेजारी राहिले नाही.

या पार्श्वभूमीवर २०२४ चा ‘नवचेतना’ हा राष्ट्रीय आराखडा विचारात घेण्याजोगा आहे. जन्मापासून तीन वर्षांपर्यंतच्या मुलांच्या उद्दीपनासाठी केंद्र शासनाने तो प्रसिद्ध केला असून, घरी करावयाच्या १४० कृती त्यात वयानुसार दिल्या आहेत. ज्या वयोगटाचे शिक्षण १९७५ च्या योजनेने घरावर सोडले होते, त्याकडे शासनाचे लक्ष आता घराच्याच मार्गाने वळले आहे. ही घटना स्वागतार्ह आहे. तथापि कृतींची यादी द्रव्य सुचविते आणि वेळ मागते. जुन्या घरात वेळ वेगळा मागावा लागत नव्हता, कारण काम आणि मुलाची कृती यांचा वेळ एकच होता. भोर शहराजवळच्या किंवा महामार्गालगतच्या कारखान्यात पाळीने काम करणाऱ्या आईला ही यादी नवे कर्तव्य म्हणून भेटली, तर तिचा उपयोग थोडाच होईल.

८. समारोप

प्रस्तुत विवेचनाचा आशय थोडक्यात असा सांगता येईल. भोर-वेल्ह्याच्या घरांत शिशूच्या हाताला मिळालेले शिक्षण हे कोणी योजून दिलेले नव्हते. ते काम, द्रव्य आणि पंचांग यांच्या संयोगातून आपोआप घडे. त्याचा भार आईच्या आणि मोठ्या बहिणीच्या खांद्यावर होता, आणि बहिणीने त्याची किंमत मोजली. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी साधने गावातून घेतली एवढेच त्यांचे श्रेय नाही; मुलाला सांभाळणाऱ्या मुलीलाही त्यांनी विद्यार्थिनी मानले, हे त्यांचे अधिक मोठे श्रेय होय.

यापुढील संशोधनासाठी या परिसरात एक तातडीचे काम आहे. सारवलेल्या भुईवर बोटे फिरवून वाढलेली आणि नंतर भावंडाची मूठ पिठात बुडवून गौरीची पावले उमटविणारी पिढी आज वृद्ध आहे. सणांच्या वर्णनात तिचा विधी नोंदला जातो. तिचे शिकविणे नोंदले जात नाही. कोणत्या वयाच्या मुलाला कोणते काम दिले, काय हातून काढून घेतले, आणि त्या दिवशी तिची स्वतःची शाळा होती का, हे प्रश्न तिला विचारणे अद्याप शक्य आहे. ती उत्तरे मिळाली, तर बालशिक्षणाच्या इतिहासाला त्याची पहिली शिक्षिका सापडेल.